माझ्या घरी गांजा ओढला गेला नाही

माझ्या मुलाविषयी आमच्या भागात दोन कथा सांगितल्या जातात. दोन्ही खोट्या आहेत आणि दुसरी तर त्याने स्वतःच सांगितली आहे. म्हणून मला हे लिहावे लागत आहे.

मुलगा एका कारखान्यात क्रेन चालवतो. तेथे चालकांची लघवी अधूनमधून तपासतात. गेल्या हिवाळ्यात त्याच्या लघवीत गांजाचा अंश निघाला आणि त्याला कामावरून थांबवण्यात आले. अड्याळच्या बाजारात पानठेल्यावर माझ्याच वयाच्या एका गृहस्थाने तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत विचारले, "काय जी गुरुजी, पोरगा कोणता माल ओढते? आमालेबी सांगा ना." भोवतालचे हसले. त्या हसण्याची, त्या लाल दातांची मला आजही किळस येते.

घडले ते असे. गुडघ्यांना बरे म्हणून सुनेने भांगेच्या बियांचे तेल मागवले होते. दुकानांत उघड विकले जाणारे, खाण्याचे तेल. बाटलीवर दिवसाला एक चमचा असे छापले होते. पण आमच्याकडे चटणीवरचे तेल चमच्याने मोजत नाहीत. जवसाच्या चटणीत आळे करून कच्चे तेल ओततात आणि भाताशी कालवून खातात. जवसाचे तेल संपले, तेव्हा पत्नीने हेच ओतले. मुलाला ती चव आवडली. तो दोन्ही वेळा तेच खाऊ लागला, डब्यातही नेऊ लागला. भांग आणि गांजा एकाच झाडाचे; बियांच्या टरफलाला त्या झाडाचा चीक लागलेला असतो. तो किंचित तेलात उतरतो आणि असे तेल फार पोटात गेले, तर तपासणीत दिसू शकतो, हे भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. ते कारखान्याच्या साहेबांच्या कानी घालण्यासाठी मी निघालो, तर मुलगा आडवा आला.

"बाबा, तुमी नोका येऊ."

"काहून?"

"सायबाले चटणीचं सांगतलं मी. तो म्हणे, खाण्याचं कारण नियमात बसत नाही. पहिल्यांदाच ओढला असं कबूल केलं, तं पुन्हा तपासून कामावर घेतात."

"मंग?"

"मंग काय, केलं कबूल."

"ओढला होतास काय?"

"नाही जी. पण दोन पोरी शिकून राहिल्या ना, बाबा."

खरे बोलणाऱ्याला दारातून परत पाठवणारा आणि खोटे बोलताच आत घेणारा हा नियम ज्याने लिहिला, त्याच्या बुद्धीचा मला पानठेल्यावरच्या थुंकीहून अधिक तिटकारा आहे. ते तेल बंद केल्यावर मुलाची पुढची तपासणी स्वच्छ निघाली आणि तो पुन्हा क्रेनवर चढला. तो गृहस्थ आता म्हणतो, "तुमचा पोरगाच कबूल करते, तं तुमी कायले भांडता जी?"

मुलाने विनवले की हे छापू नका, साहेब वाचतील. त्याची नोकरी माझ्यामुळे जाऊ नये, म्हणून त्याचे वा कारखान्याचे नाव मी येथे दिलेले नाही. मात्र त्याचा कबुलीजबाब खोटा आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावरही सांगतो. तो मान खाली घालून जेवत राहतो.