अप्पांची गोळी आणि आईची एकादशी

आमच्या अप्पांनी मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात आयुष्यभर ब्लाउज शिवले. गेल्या वर्षी त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येईनात. एक दिवस मला म्हणाले, "बाई, तुमचा ब्लाउज उद्या घेऊन जा." मी त्यांची थोरली मुलगी, लग्न न करता दुकान सांभाळत त्यांच्याच घरात राहिलेली. "बरं अप्पा," म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडतायत, असं नजरबादच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. "हा उतार नाही, पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "माणूस काही दिवस एका पायरीवर नीट उभा राहतो, मग अचानक खालच्या पायरीवर जातो. गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. रक्तदाब आवरला तर पुढची पायरी लांबवता येईल." मला लांबवणं नको होतं, अप्पा परत हवे होते. मी कसली ऐकते.

कुणी ब्राह्मी सांगितली, ब्राह्मीचं तूप आणलं. कुणी अक्रोड सांगितले, ते अप्पांनी कावळ्यांना घातले. शेजारी पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेल्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना मराठी शब्दकोडी द्या ना सोडवायला." बाई भली, पण आम्ही मैसूरची मराठी माणसं. जन्मभर घरात मराठी बोललेल्या अप्पांना वाचता येतं ते फक्त कन्नड. तेव्हा कोडी बाईंकडेच राहिली.

बन्नूरला एक जण मुळी उगाळून देतो असं कळलं, तर बसने तिथेही गेलो. अप्पा खिडकीशी बसून खूश. ऊस बघून "चेन्नागिदे," छान आहे, म्हणाले. औषध मात्र इतकं कडू, की पहिला घोट सरळ माझ्या साडीवर आला. पण तो माणूस प्रामाणिक निघाला. डॉक्टरांच्या गोळ्या चुकूनही बंद करू नका, असं त्याने जाताना बजावलं.

एवढं करूनही अप्पा आणखी खाली गेले. चालताना पाय घासायला लागले, घास तोंडात धरून बसायला लागले. पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो, तर रक्तदाब बराच चढलेला. त्यांनी आईला कन्नडमध्ये विचारलं, गोळ्या रोज देता ना?

"दिना कोड्तीनि," आई ताठ बसून म्हणाली. "एकादशी बिट्टु." रोज देते, एकादशी सोडून.

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.

आमचं घर विठ्ठलाचं. एकादशीला तुळशीचं तीर्थ घ्यायचं, त्यावर पाण्याचा थेंब नाही. गोळी जेवणानंतर द्यायची असं आईला सांगितलेलं. जेवणच नाही तर गोळी कशी, हा तिचा सरळ हिशोब. दुसऱ्या दिवशीही पूजा आटपून पारणं होईपर्यंत दुपार व्हायची. महिन्यातून दोनदा हे चाललेलं, आणि आम्ही बन्नूरला मुळ्या शोधत होतो. मला असा राग आला म्हणून सांगू, पण काढणार कुणावर? मीही त्याच घरातली, मला तरी कुठे सुचलं.

"सगळं यानेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण या माणसाला कोरडं ठेवायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही. एवढं तुमच्या हातात आहे."

हातात आहे, हा शब्द मी किती महिन्यांनी ऐकला. रिक्षात मला चक्क भूक लागली.

आता खरी अडचण अप्पांची. मुलीचं नाव गेलं, दुकानाची वाट गेली, एकादशी मात्र गेली नव्हती. एका एकादशीला देवळातल्या वडीलधाऱ्या माणसाला घरी बोलावलं. आजाऱ्याला उपास नसतो, असं त्यांनी अप्पांना समजावलं. अप्पांनी हात जोडले, मान डोलावली. ते गृहस्थ जिना उतरले नसतील तोवर अप्पा सगळं विसरून पुन्हा ओठ मिटून बसले.

पुढच्या एकादशीला मी खोटं बोलले. "आज दशमी आहे, अप्पा. घ्या." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे शेगडी थंड, कुकरची शिट्टी नाही, आई सोवळं नेसून देवापाशी. "तुझ्या आईने शेगडी पेटवली नाही," ते म्हणाले. "सुम्ने, उगाच कशाला फसवतेस?" किती दिवसांनी त्यांनी मला मुलगी म्हणून ओळखलं होतं. गोळी मात्र घेतली नाही. आई वळूनही न बघता जप करत राहिली.

त्यानंतरच्या एकादशीला सकाळी मी उठले ती कढीपत्त्याच्या फोडणीच्या वासाने. आईने उप्पीट केलं होतं. दोन ताटल्यांत वाढलं आणि ती अप्पांच्या शेजारी बसली. अप्पा तिच्याकडे संशयाने बघत होते. "अगं, आज..."

"आज काय? मंगळवार," आई म्हणाली, आणि तिने पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. मला बघवेना. लग्न होऊन आल्यापासून, माझ्या आणि भावाच्या जन्मावेळीही, हिने एकादशी सोडली नव्हती. अप्पांनी तिचं चावणं बघितलं, मग घास घेतला. ताटली संपवली, पाणी प्याले, गोळी घेतली. तेव्हापासून दर एकादशीला आमच्याकडे उप्पीट होतं.

अप्पा त्याच पायरीवर आहेत. रक्तदाब ताब्यात आहे, पाय कमी घासतात. दुपारी मी हुक लावत बसते तेव्हा दोरा ओवून देतात, कधी सुईत, कधी बटणात. मला अजून बाई म्हणतात. म्हणोत, हरकत नाही.

त्या पहिल्या दिवशी ताटल्या घासताना मी आईला विचारलंच, "देवाचं काय गं?"

"त्याला सांगितलंय," ती म्हणाली. "त्याच्याकडे उपास करणारी माणसं पुष्कळ आहेत. मला हे एकच आहेत."