टेकून आणि धरून

कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी काका तिथल्या कपाटाला तळहाताने हलकेच ढकलून बघत. मग विचारत, "हे कशाला धरून उभं आहे?" आपण म्हणायचं, भिंतीला. "टेकून आहे. धरून नाही," असं म्हणून ते चहाचा कप उचलत. घरी बोलवावं की नाही असा प्रश्न पडावा, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत ते काका होते.

अणुवीज केंद्राच्या इमारती भूकंपात तग धरतील का, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आठवडाभर केंद्रावर आणि शनिवार-रविवार इथल्या फ्लॅटमध्ये, एकटेच. तिथे नेमकं काय करता, असं मी एकदा विचारलं. मी शाळेत शिकवते, मला प्रश्न विचारायची खोड आहे. ते म्हणाले, भिंती, पाइप, पंप, कपाटं, एकेकासमोर उभं राहून विचारायचं, बाबा रे, जमीन हलली तर तुझं काय होईल? एखादा बोल्ट ढिला आहे इतकं त्यांनी नुसतं म्हटलं तरी तिथे माणसं धावत सुटत म्हणे.

आणि राहायला आमच्या बिल्डिंगमध्ये! वर भिंतींनी भरलेले चार मजले, खाली पार्किंगसाठी नुसते खांब. मोठा हादरा बसला तर आधी खांबच मोडतील आणि वरचं सगळं खाली बसेल, हे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खडूने फरशीवर चित्र काढून समजावलं. कोपऱ्यातल्या खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती घाला, असा उपायही सांगितला. सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी विचारलं, गाड्या कुठे लावायच्या? काकांनी आपली जागा तिथल्या तिथे देऊन टाकली. बाकी सगळे चहाकडे वळले.

मग तुम्ही तरी फ्लॅट विकून जा ना, असं मी त्यांना म्हटलं होतं.

"विकू कुणाला?" ते म्हणाले. "घेईल तो इथेच झोपणार ना?"

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी ते केंद्रावरून परतले, तर सगळ्या खांबांना चकचकीत टाइल्स! हा कुणी काढलेला चिमटा नव्हता, विश्वास ठेवा. खांबांबद्दल काकांची तक्रार आहे एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं होतं आणि ती त्यांनी आपापल्या परीने मनापासून दूर केली होती. सोसायटीचे प्रमुख धुळ्याकडचे. ते नारळ घेऊनच उभे होते.

"आते दखा काका, खांब कसा चमकी राह्यनात!"

काकांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून त्यांनी एका टाइलवर बोटाने टकटक करून पाहिलं. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांचा चेहराही बघवत नव्हता. जिना चढताना हळूच म्हणाले, "आता तडा गेला तरी दिसायचा नाही."

त्यांना जाऊन आता दोनेक वर्षं झाली. झोपेतच गेले. काही झालं का बिल्डिंगला, काका उगाच घाबरवायचे, असं लोक हल्ली प्रेमाने म्हणतात. मीही तिथेच राहते.

मला आठवते ती एका रविवारची दुपार. मांडणीवरची भांडी वाजली, पंखे डोलले आणि अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली धावली. धावली आणि पार्किंगमध्येच थांबली, कारण बाहेर ऊन रणरणत होतं. काका एकटे रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात उभे राहून ओरडत होते, पुन्हा हादरा बसेल, बिल्डिंगखालून बाहेर या. मी निघाले, पण माझ्या सासूबाई एका खांबाला पाठ लावून खाली बसल्या होत्या. त्या काही केल्या उठेनात. त्यांना सोडून मी कशी जाणार?

शेवटी काका रस्ता ओलांडून आत आले. सासूबाईंसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

सासूबाई टाइल्सवरून हात फिरवत म्हणाल्या, "तठे ऊन शे, भाऊ. आठे कसं गार शे."

काकांनी एकदा वर स्लॅबकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते चिडतील, नाहीतर परत मैदानात जातील.

"आई, जरा सरका," ते म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले.