वन्संच्या करवंट्या

आमच्या वन्सं बाजारातल्या प्रत्येक वस्तूचा भाव विचारायच्या आणि बहुतेक वस्तू तिथेच ठेवून यायच्या. भोपळ्याचा भाव, पितळेच्या घंगाळाचा भाव, एकदा तर घोड्याच्या नालेचा भाव. आमच्या सात पिढ्यांत कुणी घोडा पाळला नव्हता. मी वैतागून म्हटलं, "वन्सं, घ्यायचं नाही तर विचारता कशाला?" तर म्हणाल्या, "अगो, विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारता घेतलं की पडतात, आणि मग महिनाभर पडतच राहतात."

या माझ्या थोरल्या नणंद. लहान वयात नवरा गेला, पण रडत बसायचा त्यांचा स्वभावच नव्हे. शिकल्या आणि रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ बापू, म्हणजे आमचे हे, अशी दोघंच. हे कचेरीत कारकून होते. पगार कारकुनाचा आणि मन संस्थानिकाचं. रस्त्यात भेटेल त्याला चहाला घेऊन यायचे. आगबोटीनं मुंबईहून काही नवं उतरलं की ते आमच्या घरात हवंच. महिना अर्धा सरायच्या आत पगार संपलेला असायचा.

मग भिस्त कलमांवर. गावाबाहेरच्या कातळावर सासऱ्यांनी सुरुंग लावून, माती वाहून हापूसची बाग उभी केली होती. मोहोर आला की हे बागेत जाऊन डोळे भरून बघायचे आणि येताना आंब्याच्या दलालाकडून उचल घेऊनच घरी यायचे. मग धुकं पडायचं, मोहोर करपायचा आणि ती उचल व्याजासकट अंगावर बसायची. असं होता होता बाग त्या दलालाकडे गहाण पडली. तीन हंगामांत पैसे फिटले नाहीत तर बाग त्याची व्हायची होती.

हे कळलं त्या दिवशी वन्संनी मागच्या अंगणात बसून नारळाच्या करवंट्या घासघासून गुळगुळीत केल्या आणि स्वैपाकघरातल्या फळीवर ओळीनं मांडल्या. एकीत खुणेला तांदळाचे चार दाणे टाकले. एकीत ओव्याची पुडी ठेवली, ती औषधपाण्याची. एकीत गंजका खिळा, तो दलाल. पहिल्या तारखेला दोघांचे पगार आधी या करवंट्यांत पडायचे आणि मगच चहाचं आधण चढायचं.

शेवटच्या करवंटीत अबोलीचं फूल होतं. यांनी विचारलं, "अक्का, ही कसली?"

"ही हौस. तुझी आणि उमाची," वन्सं माझ्याकडे बघत म्हणाल्या. "हौस बंद केली तर तू चोरून करशील, मेल्या. त्यापेक्षा तिचा वाटा तिला देऊन टाकू."

यांची हौस पंधरवड्यातच सरायची आणि मग ओव्याच्या करवंटीवर डोळा जायचा. "अक्का, आपल्याकडे कुणीच आजारी नाही," असं हे अगदी सहज म्हणून बघायचे. "हात लावून बघ, म्हणजे पडशील," वन्सं मान वर न करता सांगायच्या.

माझीही गंमत झाली. देवरुखला माझ्या भावाचं लग्न निघालं आणि मला नवा शालू हवा होता. अबोलीच्या करवंटीत तेवढं नव्हतं. मी फुरंगटून बसले, जेवलेसुद्धा नाही. वन्संनी समजूत घातली नाही. माझं जुनं लुगडं घेऊन त्यांनी त्याला आपल्या पेटीतला जरीचा काठ असा काही बेमालूम लावून दिला की लग्नात बायका विचारायला लागल्या, "काठ कुठला गो?" मी ऐटीत सांगितलं, "मुंबईचा."

तिसऱ्या हंगामात मोहोर असा आला की पानं दिसेनात. दलाल स्वतः घरी आला, ओटीवर बसला. "यंदा तर सोनं आहे. आणखी उचल देतो, हंगामात सगळं एकदम फिटेल," म्हणाला. वन्सं आत शिवत होत्या. मी दाराआड उभी होते आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, घ्यावी. यांनी सुपारी कातरायला घेतली, कातरून संपवली आणि म्हणाले, "झाडावर आहे ते झाडाचं, शेट. खाली उतरेल तेव्हा बोलू." हे वाक्य वन्संचं, आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालेलं. आत पाहिलं तर वन्संनी तोंडाला पदर लावला होता, हसत होत्या की रडत होत्या कुणास ठाऊक.

पुढं धुकं आलंच. निम्माशिम्मा मोहोर गेला. हाती लागले ते आंबे आम्ही पेंढा घालून करंड्यांत भरले आणि आगबोटीनं मुंबईला धाडले. त्याचे पैसे आणि खिळ्याच्या करवंटीतले पैसे मिळून कर्ज फिटलं. बाग सुटली. उचल घेतली असती तर त्या वर्षी आम्ही बागेकडे कुंपणाबाहेरून बघत उभे असतो.

वन्संनी खिळा काढून परसात फेकला आणि त्या करवंटीत तुळशीचं पान ठेवलं. "आता ही माझी. मी मेल्यावर बापू गावजेवण घालील, तेही उधारीवर. ओळखते मी त्याला." आम्ही दोघंही ओरडलो, असलं अभद्र बोलू नका म्हणून. त्यांच्यावर काही परिणाम नाही. उलट भटजींना गाठून दहाव्यापासून तेराव्यापर्यंत काय पडतं ते विचारून आल्या. भटजी बिचारे घामाघूम झाले.

बऱ्याच वर्षांनी वन्सं गेल्या, साध्या तापानं. बाराव्याचा विषय निघाला तेव्हा हे डोळे पुसत म्हणाले, "अक्काचं सगळं दणक्यात करायचं. पैशाचं बघू कुठूनतरी." मी उठले आणि तुळशीची करवंटी फळीवरून काढून यांच्यापुढं ठेवली. रडता रडताच हसू फुटलं त्यांना. "भाव विचारून गेलीय बघ," म्हणाले.

सगळं त्यात झालं, आणि वर थोडे पैसे उरले. त्यातून आम्ही एक कलम आणून बागेत लावलं. आता त्यालाही मोहोर येतो. येणारे-जाणारे थांबून म्हणतात, "वहिनी, यंदा या कलमाला काय बहर आलाय हो." मला वन्संची फार आठवण येते. मी म्हणते, "अजून झाडाचाच आहे तो."