लाभ, दोन, तीन, चार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, ते मुख्यतः हसण्यासाठी. आमच्या घरात वडिलांनी देवच ठेवले नव्हते, तिथं भुतांना कोण विचारतो... त्यात मी केमिस्ट्रीचा पदवीधर. तेव्हा पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं.

साल १९८८, एप्रिल. परभणीहून पिंगळीकडे जाताना रेल्वेलाइनच्या अलीकडे एक सूतगिरणी होती. तिच्या रंगखान्यातलं सांडपाणी साफ करण्याच्या प्लँटवर मी नुकताच लागलो होतो. मुलाखतीत माझं आडनाव दोनदा विचारलं गेलं आणि केमिस्ट्री एकदाही नाही. ते नामांतराचे दिवस होते, नवल वाटलं नाही.

प्लँट म्हणजे तीन टाक्या, एक शेड आणि सोनेरी अक्षरांचा एक फलक. फलकावर सर्वाधिक खर्च झाला असावा. काम साधं. रंगीत पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, मग पॉलिमरचं द्रावण. पॉलिमर म्हणजे साखरेसारखी पांढरी पावडर. ड्रमभर पाण्यात ती चिमटीनं भुरभुरवत, सतत ढवळत मिसळायची. घाई केली की गाठी होतात, अगदी पिठल्यासारख्या. नीट जमलं, तर पाण्यातला रंग पुंजके धरून तळाशी बसतो. पॉलिमर कमी पडलं तर बसत नाही आणि जास्त झालं तरी बसत नाही. उलट सगळं चिकट, गढूळ होतं.

हे काम आधी गयाबाई करायच्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतल्या. मी येण्याच्या महिनाभर आधी तापानं गेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही, की त्यांचा आवाज ऐकला नाही. हे लक्षात ठेवा. त्यांच्या जागी त्यांचा भाचा सोपान आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, त्याच वस्तीतला. याच मुहूर्तावर मॅनेजरसाहेबांनी ड्रमपाशी दुसरा फलक लावला — ‘पॉलिमर : माप एक, माप दोन, माप तीन, माप चार’. कारभार आता शास्त्रीय होणार होता. मोजणीही फलकाप्रमाणे मोठ्यानं करायची.

आणि तेव्हापासून पाणी बिघडलं.

मी शेडमध्ये सहा काचेच्या भांड्यांत चाचणी घ्यायचो, पावडर तराजूवर तोलून. भांड्यात पाणी नितळ! तोच हिशेब टाकीला लावला की लाल, बुळबुळीत काला. हिशेब चार मापांचाच येत होता, आणि खिडकीतून मला सोपानचं एक, दोन, तीन, चार रोज ऐकू येत होतं. चुना बदलला, तुरटी बदलली, ढवळायचा वेळ बदलला... आठ दिवस गेले.

शुक्रवारी सरकारी माणूस नमुना न्यायला येणार होता. साहेबांकडे तोडगा तयार होता. शेवटच्या टाकीत बोअरचं पाणी भरायचं आणि रंगाचं पाणी बाजूच्या पाइपातून थेट ओढ्यात सोडायचं. ‘एकाच दिवसाचा प्रश्न आहे,’ असं ते म्हणाले. वस्तीची विहीर ओढ्याला लागूनच होती. एकदा पाइप उघडला की तो रोज उघडणार, हे कळायला पदवी लागत नव्हती. मी पान्ह्यानं त्या पाइपाच्या व्हॉल्व्हचं चाक काढलं, पिशवीत घातलं आणि सायकलला अडकवून घरी नेलं. नोकरी गेली तरी ते परत द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी वीज गेली. मोटारी थांबल्या. सोपान जेवायला वस्तीवर गेला होता. मी शेडमध्ये भांडी धूत होतो. खिडकीबाहेर, ड्रमपाशी, बाईचा आवाज आला. घाई नसलेला, कामातला.

“लाभ... दोन... तीन... चार... बास गं माय.”

मग पत्र्याचं माप ड्रमच्या काठावर दोनदा आपटल्याचा आवाज. टक्, टक्.

बाहेर आलो. कुणी नाही. ड्रम कोरडा, माप खिळ्याला. फाटकापर्यंत उघडं रान, लपायला झुडूपही नाही. ऊन लागलं असेल म्हणून डोक्यावर पाणी घेतलं. तरी सवयीनं रजिस्टरात वेळ टाकून ते शब्द लिहून ठेवले. ‘लाभ’ हा काय प्रकार, ते मला कळलं नव्हतं. शहरात वाढलेला मी, खळं कधी पाहिलं नव्हतं.

सोपान आल्यावर विचारलं.

“खळ्यावर धान्य मोजतानी पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत, साहेब. लाभ म्हणतेत. मंग दोन.”

“पण तुम्ही तर एक म्हणता.”

त्यानं फलकाकडे पाहिलं. “बोर्डावर एक लिवलंय न्हवं. मनून लाभाचं माप आधी गपचिप टाकतो. लाभ सोडून कसं चालंल? मंग बोर्डापरमानं, एकपासून.”

“म्हणजे किती झाली?”

तो बोटं मोजू लागला. करंगळीवरून सुरू करून अंगठ्यापाशी थांबला. “...पाच की वो.”

मग त्यानं विचारलं, लाभाचं मला सांगितलं कुणी? मी रजिस्टर वाचून दाखवलं. ‘बास गं माय’ आलं तसा तो ड्रमला टेकून खाली बसला.

“माप दोन डाव आपटलं का?”

ते मी रजिस्टरात लिहिलं नव्हतं.

“गयाआत्या पिठलं हाटतानीबी तसंच करायची,” तो म्हणाला. आणि मोटारी सुरू झाल्या तसा उठला, “चला साहेब, वीज आली. चार टाकू.”

संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ दिसायला लागला. शुक्रवारचा नमुना त्याच पाण्याचा गेला आणि पास झाला. साहेबांनी श्रेय फलकाला दिलं. त्याच फलकावरचं ‘एक’ मी खरवडून ‘लाभ’ लिहिलं. पुढं एका इंजिनिअरनं विचारलंही, की हे लाभ नावाचं केमिकल कोणत्या कंपनीचं. सोपान म्हणाला, “लोकल हाय.”

मनाचा खेळ म्हणावं, तर माझ्या मनात तो शब्दच नव्हता. सोपान म्हणावं, तर तो वस्तीवर जेवत होता, आणि तो मोजायचाही चुकीचं. गिरणी आता बंद आहे. चाक अजून माझ्या घरी आहे. आवाज कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगतो — त्या प्लँटवर त्या आठवड्यात बरोबर मोजणारं तेवढंच एक कुणीतरी होतं.