खारं लागलंय

बोर्ली पंचतनच्या बाजारात त्याचं दुकान आहे. लॅपटॉप दुरुस्ती आणि लग्नाचं शूटिंग, दोन्ही एकाच काउंटरवर. काहीही बिघडलं तरी त्याचं निदान ठरलेलं असतं: "खारं लागलंय." हे सांगताना तो असा सुस्कारा सोडतो, जसा काही समुद्र त्याच्याच जिवावर उठलाय.

माझ्या लॅपटॉपवर सिनेमाच्या डीव्हीडी छान चालायच्या. बहिणीच्या लग्नाच्या तेवढ्या चालेनात. त्या यानेच शूटिंग करून दिलेल्या. आमचे वडील, आबा, गेल्यावर आईला त्यांना त्यात बघायचं होतं.

त्याने डिस्कवर फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने ती घासली आणि म्हणाला, "लॅपटॉपला खारं लागलंय."

"मग सिनेमा कसा चालतो?"

"ती डिस्क मुंबयची हाय. तिला आपली हवा लागली न्हाय अजून."

मी त्याच्याच कॉम्प्युटरवर लावायला सांगितलं. तिथेही स्क्रीन कोरीच. "ह्याला पन लागलं वाटतं," तो म्हणाला.

"मूळ शूटिंग असेल ना?"

"पुसलं. कार्ड पुढच्या लग्नाला लागतं ना!"

मी उठलो, तसा तो काउंटरबाहेर आला. "पन आबा हळदीत काय नाचलेले!" म्हणत त्याने भर दुकानात नाचून दाखवलं: डावा हात कमरेवर, उजव्या हातात टोपी, गुडघ्यात कळ आली की मध्येच थांबून हसणं. हुबेहूब आबा.

मला भरून आलं, आणि त्याचा गळा धरावासाही वाटला. हा इतकं बारीक बघत होता, तर तेव्हा कॅमेऱ्यामागे कोण होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.