थोरली गेली

गडमुडशिंगीचे जोतीरामतात्या म्हणजे दगड, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी तर त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, मला जरा जास्तच. स्वतःच्या वडलांना अग्नी देऊन आल्यावर हा गृहस्थ "धारा राहिल्यात" म्हणत थेट गोठ्यात शिरला होता. बायकोला, बनाबाईंना, उभ्या जन्मात कधी "चहा बरा झालाय" म्हणाला नाही. जी काय माया होती ती दोन म्हशींवर. एक थोरली, एक धाकटी. पाडव्याला दोघींची शिंगं रंगवायची, पायात घुंगरं, आणि पुढं मोटरसायकलवर तात्या. दोघी मागं पळत येणारच, वळून बघायची गरज नाही. दारात आरती घेऊन बनाबाई उभ्या असत. तिकडंही तात्यांनी कधी वळून बघितलं नाही.

थोरली म्हातारी होऊन गेली. त्या दिवसापासून धाकटीनं वैरणीला तोंड लावलं नाही. रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून नुसती उभी. डॉक्टर म्हणाले, अंगात दुखणं काही नाही, पण अशीच राहिली तर हीपण जाईल. मग काय, सगळ्या गावाला सल्ल्यांचा पान्हा फुटला. तात्यांच्या मुलानं, पृथ्वीराजनं, मोबाईलवर बासरी लावली. धाकटीनं त्याच्या बुटावर शेणाचा पो टाकला. चुलतभावानं सोबतीला आपली म्हैस आणून बांधली; तिला हिनं शिंगावर घेतलं.

आणि तात्या? रडले का? छे! त्यांनी स्टेटस ठेवलं. 'आमची थोरली आम्हाला सोडून गेली. भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो टाकायचं काही त्यांना जमलं नाही.

तात्यांची बहीण अंबूबाई वारणानगरला दिलेली. तिच्या लेखी थोरली म्हणजे थोरली वहिनी. शेताच्या वाटणीपासून नणंद-भावजयीतून विस्तव जात नव्हता. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही; भावकीनं कडू घास न्यायचा, म्हणजे पिठलं-भाकरी. भाकरीची बुट्टी घेऊन बाई वडापच्या जीपमधून उतरली आणि गल्लीच्या तोंडालाच तिनं गळा काढला.

"अगं माज्या वैनी गंऽ! सोन्याच्या हाताची गंऽ! तुज्यासंगं भांडून मी काय मिळिवलं गंऽ!"

बनाबाई शेणाचे हात घेऊन बाहेर आल्या. "कोन मेलंय गं?"

अंबूबाईचा हुंदका तिथंच अडकला. मग गोठ्यातला रिकामा खुंटा दिसला आणि दुःखाची जागा संतापानं घेतली. "आरं दादा, म्हशीचं स्टेटस ठेवतुयास व्हय रं? आनि ह्या भाकरीचं काय करू आता? कडू घास माघारी न्हेत न्हाईत!"

तात्या मख्खपणे म्हणाले, "सुतक धाकटीला हाय. तिला घाल."

बाई तणतणत गोठ्यात गेली. पण एवढ्या लांबून आणलेलं रडू वाया कसं घालवायचं? धाकटीच्या गळ्यात हात टाकून तिनं पुन्हा सूर लावला, आता थोरलीसाठी. बनाबाई शेजारी बसल्या आणि त्याही रडू लागल्या. म्हशीसाठी की नणंदेच्या तोंडून नुकत्याच ऐकलेल्या कौतुकासाठी, ते मी विचारलं नाही. धाकटीनं मात्र भाकरी नुसती हुंगली.

"आदी तू खा," अंबूबाईनं तात्यांना दटावलं. "घरच्या कारभाऱ्यानं घास मोडल्याबिगार बाकीची खात्यात व्हय?"

तात्यांनी तुकडा तोंडात घातला आणि त्यांना तो गिळेना. "थोरले..." एवढंच म्हणाले आणि दगड फुटला. इतकी वर्षं साठवलेलं सगळं, त्यात वडीलही असावेत, भडाभडा बाहेर आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? धाकटीनं खुंट्याकडची मान वळवली. तात्यांचा ओला हात चाटला आणि हातातली उरलेली भाकरी ओढून घेतली.

बनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी गेल्यावर एवढं रडशीला का वो?"

तात्यांनी नाक ओढलं. "तू गेलीस तर मी बी वैरण सोडीन."