कप हलवायची रीत

आई शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आली आणि आठवड्यातच कंटाळली. "एवढ्या उंचावरून हाक तरी कुणाला मारायची गं?" असं रोज म्हणायची. एके सकाळी म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे." तिने तीन महिने राहावं म्हणून मी वर्षभर तिच्या मागे लागले होते. मला रडूच आलं.

त्या शुक्रवारी तिला शारजाच्या जुन्या भागात नेलं. रोल्ला बाजाराची गर्दी मागे टाकली की प्रवाळी दगडाच्या भिंती लागतात आणि दोन माणसं जेमतेम मावतील अशा गल्ल्या. मी जाणकाराच्या थाटात सांगत होते, घराच्या मधोमध चौक असतो, वर वारा खेचणारा मनोरा असतो. आईचं लक्ष दारांकडे. एक दार उघडं दिसलं. इथली बरीच जुनी घरं आता म्युझियम झालीत, म्हणून मी म्हटलं, "जा बिनधास्त." तिने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि सवयीने मराठीतच हाक दिली, "आहे का कुणी घरात?"

होतं की! अख्खं कुटुंब चौकात चटईवर बसलेलं. म्युझियम कसलं, चांगलं नांदतं घर ते! मी लाजेने अर्धमेली. "सॉरी, सॉरी" म्हणत आईला मागे ओढू लागले. घरातली थोरली बाई मात्र आईच्या अनवाणी पायांकडे बघून हसली. "आओ, आओ! बैठो, यल्ला!"

बसलो. खजूर आले, वेलची घातलेला कावा, म्हणजे अरबी कॉफी, आला. पानात टाकायचं नाही ही आईची जन्माची शिस्त. ती इवलासा कप रिकामा करून पुढे धरायची, वाढणारी सून तो पुन्हा भरायची. आई पीतच राहिली. शेवटी मला कुजबुजली, "अगं, हे संपत का नाही?" इतकी वर्षं इथे राहून मी एकाही अरबी घरात पाय टाकला नव्हता, मला काय कळणार कप्पाळ!

थोरल्या बाईच्या लक्षात आलं. तिने आपला रिकामा कप मनगटातून हलवून दाखवला. "बस हो गया, तो ऐसा करो. खलास!" आईने कप हलवला आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निघताना बाईने बजावलं, "फिर आना, हर जुम्मा इधर है हम."

संध्याकाळी घरी मी चहा केला. आई खिडकीपाशी बसून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मी भीत भीत विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

तिने रिकामा कप माझ्यापुढे धरला. हलवला मात्र नाही.